क्वाडवरची पेटी

मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेली बंदूक लाकडाची होती आणि ती मीच बनवली होती. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची एक लांब पट्टी, खऱ्या बंदुकीइतकं वजन यावं म्हणून तिला चिकटवलेले शिशाचे तुकडे, आणि वर दुर्बिणीच्या जागी पाइपचा एक तुकडा. वर्कशॉपमधले लोक तिला 'इंजिनीअर बाईंची काठी' म्हणायचे. मला राग यायचा, पण ती दिसायचीच काठीसारखी, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला माझं मास्टर्स संपलं तेव्हा मला एखाद्या बड्या मोटार कंपनीत नोकरी लागणार, याबद्दल नागपूरच्या आमच्या गल्लीत कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. लागली ती तिथून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावात, बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये. तिथे क्वाडचं सामान बनायचं. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, चिखलात आणि चढावर कुठेही घुसणारी गाडी. तिला लागणारे मागचे रॅक, बर्फ ढकलायची पाती, ट्रेलरचे हुक हे आमचं काम. दोन हजार चौदाच्या सुमारास मालकांनी माझ्या टेबलावर नवं काम ठेवलं: शिकारीची बंदूक क्वाडवरून नेण्यासाठी पेटी.

सोबत एक कागद होता आणि त्यावर दोनच अटी. वाहतुकीत बंदूक रिकामी हवी, नळीत नाही आणि मॅगझिनमध्येही नाही, एकही काडतूस नको. आणि ती चटकन कुणाच्या हातात येता कामा नये. कुलूपबंद पेटीत असली की ही अट पुरी झाली. मला वाटलं, आठवड्याभराचं काम आहे. मग मी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि फसले.

शिकारी घरून निघून थेट त्याच्या जंगलात चालला असेल तर बंदूक नुसती रिकामी असली तरी चालते, कुलूप लागत नाही. तोच माणूस तीच बंदूक दुरुस्तीला नेत असेल तर कुलूप लागतं. जंगलात जाताना वाटेत पाव घ्यायला थांबला तर? यावर आमच्याकडच्या दोन शिकारी कामगारांचं जेवणाच्या सुट्टीत असं भांडण झालं की पुढचे दोन दिवस ते वेगवेगळ्या टेबलांवर जेवत होते. बरं, जंगलात पोचल्यावर बंदूक भरायची, पण पुन्हा क्वाडवर बसायचं तर आधी रिकामी करायची. क्वाडवर बसून गोळी तर झाडायचीच नाही. गाडी तीच, माणूस तोच, बंदूक तीच, आणि नियम मात्र दर वळणावर बदलणार. मी तक्ते केले, बाण काढले, रंग भरले. डोक्याचा भुगा झाला.

"आल्झो, तर मग," मालक शेवटी वैतागून म्हणाले, "तुम्ही सगळ्यात कडक नियम धरा आणि पेटी बनवा. बाकीचं शिकाऱ्याचं शिकारी बघेल."

तशी मी बनवली. आत असा फोम की खड्ड्यात आपटलं तरी दुर्बीण हलू नये, पाणी शिरलं तर खाली निचऱ्याचं भोक, झाकणाला पक्कं कुलूप. कुलपाची किल्ली हरवू नये म्हणून ती क्वाडच्या किल्लीच्याच रिंगमध्ये घातली. ही कल्पना माझी एकटीची होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

घरी हे सांगायचं मी टाळत होते. आम्ही बौद्ध. बाबा दर रविवारी विहारात जाणार, लहान मुलांना पंचशील शिकवणार, आणि त्यांची मुलगी शिकाऱ्यांच्या बंदुका सांभाळून नेण्याची सोय करणार. फ्रँकफर्टच्या माझ्या मैत्रिणीने यावरून मला भरपूर छळलं. मी तिला सांगायचे, अगं, बंदूक माझ्या पेटीत आहे तोवर कुणी मरत नाही, म्हणजे मी तर पुण्याचंच काम करते. ती हसायची. मला स्वतःला हे पटलेलं होतं की नव्हतं, ते आजही सांगता येत नाही.

पेटीची चाचणी घ्यायला एक गिऱ्हाईक तयार झालं, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. तोंडावर मी त्यांना रीतसर 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून आडनावाने हाक मारायचे, मनात मात्र आजोबाच म्हणायचे. आयुष्यभर लेथवर टर्नरचं काम केलेलं, त्यामुळे माझ्या वेल्डिंगमधली चूक नखाने दाखवायचे. बायको वारली होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून काठी लागायची, आणि करारावर घेतलेलं त्यांचं शिकारीचं रान, त्याला ते रेविअर म्हणायचे, ते चढावर होतं. तिथे पायी जाणं संपलं होतं. क्वाड आणि ही पेटी, एवढाच मार्ग उरला होता.

"दोन वर्षांत मी काही मारलेलं नाही," ते एकदा फोमवर हात फिरवत मला म्हणाले. "मचाणावर बसतो, रानडुकरं येतात, जातात. कुणाला सांगू नका."

"मग बंदूक कशाला नेता?" मी विचारलं.

"बंदुकीशिवाय बसलो तर मी नुसता जंगलात बसलेला म्हातारा. लायसन्स आहे म्हणून रेविअर आहे. ते गेलं की घरात बसून भिंत बघायची." आणि मग हसून, "आणि आमच्या घराच्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही."

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी आम्ही खऱ्या बंदुकीसह पहिली फेरी मारायला निघालो. मी मागे बसायचं आणि पेटी खडखडते का ते ऐकायचं, असं ठरलं होतं. बंदूक रिकामी, तिच्या कापडी पिशवीत, पिशवी पेटीत, पेटीला कुलूप. सगळ्यात कडक नियमाप्रमाणे सगळं. गावातल्या चौकात त्यांनी क्वाड थांबवली. खुबा ठणकत होता, आपोथेकेमधून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, दुखण्यावरच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. आम्ही दोघांनी हेल्मेटं काढली. बंदूक रस्त्यावर सोडून जायची नाही हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं, म्हणून त्यांनी पेटी उघडली, पिशवी काढून खांद्याला लावली आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन पायरी चढायला लागले.

आता, म्हातारा माणूस एका हातात काठी आणि खांद्यावर ओझं घेऊन पायरी चढतो आहे आणि मी रिकाम्या हाताने शेजारी उभी आहे, असं आमच्याकडे होत नाही. होऊ शकत नाही. मोठ्या माणसाच्या हातातली पिशवी घेताना आपण विचारत नाही. विचारलं तर ते नकोच म्हणणार. "अहो, द्या इकडे," हे मी मराठीत म्हणाले की जर्मनमध्ये, मला आठवत नाही. पिशवी माझ्या हातात आली. ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले आणि मग आत गेले.

पाच फूट दोन इंचांची एक सावळी बाई भर चौकात बंदुकीची पिशवी धरून उभी आहे, हे जरा वेळाने माझं मलाच कसंतरी वाटायला लागलं. एका बाईने आपल्या मुलाला हाताला धरून पलीकडच्या फुटपाथवर नेलं. मी पिशवी पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ल्यांची रिंग कुलपालाच लटकत होती. तेवढ्यात मागून एक डिलिव्हरीची गाडी हॉर्न वाजवायला लागली. क्वाड तिच्या वाटेत होती. मी क्वाडवर बसले, चालू केली आणि कोपऱ्यावरून वळवून शंभर मीटरवर मोकळ्या जागेत नेली. शंभर मीटरसाठी हेल्मेट कोण घालणार?

पोलिसांच्या गाडीने मला हेल्मेटसाठीच थांबवलं. एक तरुण पोलीस बाई उतरली. माफी मागितली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण तिने सहज विचारलं, "या लांब पेटीत काय आहे?" आणि माझ्यातली इंजिनीअर जागी झाली.

"शिकारीची बंदूक," मी म्हणाले. "पण काळजी करू नका, रिकामी आहे आणि कुलूपबंद आहे. पेटी मीच डिझाइन केली आहे. दाखवते." आणि मी क्वाडला लावलेली किल्ल्यांची रिंग काढून, झाकण उघडून, तिला फोमची जाडी समजावून सांगायला लागले.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुमचं शस्त्र-परवान्याचं कार्ड दाखवा."

"माझ्याकडे नाही. बंदूक माझी नाही."

"मग तुमच्याकडे किल्ली कशी?"

बंदूक कशी ठेवायची, कशात ठेवायची, किती कुलपं लावायची, याचा मी सात महिने काथ्याकूट केला होता. कोणाच्या ताब्यात असायची, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो माझ्या कागदावर नव्हताच. परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात बंदूक गेली की ती कितीही रिकामी आणि कितीही बंद असो, गुन्हा तो गुन्हाच.

आजोबा गोळ्यांची कागदी पिशवी घेऊन कोपऱ्यावरून लंगडत आले. त्यांनी पोलिसांची गाडी बघितली, उघडी पेटी बघितली, मला बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बंदूक माझी आहे." पोलिसांनी ती ताब्यात घेतली. दुसऱ्या आठवड्यात आजोबांच्या घरच्या कपाटातली दुसरी बंदूकही नेली, निकाल लागेपर्यंत. रेविअर बंद झालं. आणि मला शस्त्रांच्या कार्यालयातून जबाबासाठी पत्र आलं.

मालक माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त किल्लीची रिंग वेगळी करायला सांगितली.

रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. पेटीपासून. मला वाटलं, आता पहिलं शील निघणार, प्राणिहत्या निघणार.

"हे मला आधी काहून नाही सांगितलं?" ते म्हणाले.

"तुम्ही चिडाल म्हणून."

"चिडणं राहू दे. त्या म्हाताऱ्या माणसाचं काय होते आता?"

"मी सांगेन त्यावर आहे, बाबा. त्यांनी बंदूक मला दिली असं ठरलं तर त्यांचं लायसन्स जाईल. मी घेतली असं ठरलं तर मी अडकेन."

"मग आठव ना नीट. त्यांनी दिली होती का? नाही दिलेलं घेतलं असशील तर ते तुझं. दिलेलं घेतलं असशील तर तसं सांग. याच्यात वकील कशाला पाहिजे?"

बाबांना सोपं होतं. मला आठवता आठवेना. स्वयंपाकघरात उभी राहून मी तो क्षण स्वतःशीच करून बघायचे, कापडी पिशवीत लाटणं घालून, ती खांद्याला लावून, काढून. त्यांनी हात पुढे केला होता का? मी आधी पट्टा धरला होता का? एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा हाताला आठवायची: पिशवी लगेच सुटली नव्हती. किंचित अडली होती, आणि मी ओढली होती.

कार्यालयातले अधिकारी सभ्य होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि आजोबांचा लेखी जबाब वाचून दाखवला. चार ओळींचा होता. बंदूक मी स्वतः होऊन या बाईंच्या हातात दिली, कायदा मला माहीत होता, त्यांचा काहीही दोष नाही.

"हे असंच झालं ना?" त्यांनी विचारलं.

मी एकदम गडबडले. हा माणूस मला वाचवायला स्वतःचं लायसन्स घालवतो आहे, एवढंच मला दिसलं. माझा कायमच्या रहिवासाचा अर्ज तेव्हा नुकताच गेला होता. मी नुसती 'जा', म्हणजे हो, म्हणून मान हलवली असती तरी माझी सुटका होती. खोटं कशाला बोलू, एक क्षण तो मोह झालाही.

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी दिली नाही. मी घेतली." आणि मी त्यांना आमच्याकडची रीत सांगितली, म्हाताऱ्या माणसांचं ओझं, न विचारणं, सगळं. ते लिहीत होते.

"त्यांनी विरोध केला?"

"केला. म्हणजे, बोलले नाहीत. पण हात सोडला नव्हता. मला ओढावी लागली."

"त्यांच्या हातातून तुम्ही ओढून घेतली?"

"गेनाऊ, अगदी तसंच," मी म्हणाले. ठामपणे म्हणाले. त्यांनी ते वाक्य मला वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली. बसमध्ये बसले तेव्हा कितीतरी आठवड्यांनी मला भूक लागली होती. मला वाटत होतं, मी बरोबर केलं. बाबांनाही तसंच वाटलं.

माझं प्रकरण किरकोळ म्हणून बंद झालं, हेल्मेटच्या दंडावर. त्यांच्या प्रकरणाचं मला काही कळलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला ते स्वतः वर्कशॉपवर आले, क्वाड घेऊन, पेटी काढून टाकायला.

"काढायची?" मला कळेचना. "पण तुमचं लायसन्स? ते तुमच्यावर ठपका ठेवणार नव्हते ना आता?"

"ठपका नाही ठेवला." त्यांनी कोटाच्या आतून घडी घातलेलं पत्र काढून दिलं. मी दोनदा वाचलं. बंदूक जाणूनबुजून दुसऱ्याला दिली, हा आरोप सोडून दिला होता. मात्र साक्षीदाराच्या जबाबावरून असं दिसतं की संबंधित व्यक्ती आपल्या शस्त्रावर हाताचा ताबा ठेवू शकली नाही. तरी शस्त्र बाळगण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र अमुक मुदतीत आणावं. साक्षीदार म्हणजे मी.

"मग आणा ना प्रमाणपत्र!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचे हात तर चांगले आहेत."

"डॉक्टरसमोर उभं राहून मूठ दाबून दाखवू? पन्नास वर्षं लेथवर काढल्यावर?" ते म्हणाले. "नाही. लायसन्स मी परत केलं. रेविअर पुतण्याला दिलं."

"मी तुम्हाला वाचवत होते," एवढंच मी कसंबसं म्हणाले.

"माहीत आहे मला. पण मी तुम्हाला दिली होती." ते अगदी हळू बोलत होते, जसं माझं जर्मन कच्चं असताना बोलायचे. "तुम्ही म्हणालात, द्या. मी विचार केला, ही मुलगी गेले सात महिने एका काठीसाठी पेटी बनवते आहे. दोन मिनिटं हिच्या हातात द्यायला मला भीती नाही. चूक होती. चूक आहे हे कळत असताना दिली. तेच मी लिहिलं होतं. तुम्हाला वाचवायला नव्हतं लिहिलं, तसं झालं होतं म्हणून लिहिलं होतं."

"पण तुम्ही हात सोडला नव्हता! मला ओढावी लागली, मला पक्कं आठवतं."

त्यांनी स्वतःच्या कोटाकडे बघितलं. "पट्टा इथे बटणात अडकला होता," ते म्हणाले.

मी त्या बटणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, मी उद्याच कार्यालयात जाते, जबाब बदलते, सांगते की तुम्ही दिली होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मग ते लायसन्स त्या कारणाने काढून घेतील. जाऊ द्या. फक्त एवढंच, की सांगण्याआधी तुम्ही मला विचारायला हवं होतं."

मी खाली बसून पेटीचे बोल्ट काढायला लागले. मला इतकी लाज वाटत होती की वर बघवत नव्हतं. तीन निघाले. चौथ्यात चिखल आणि गंज बसला होता, तो काही केल्या फिरेना. ते काठीवर रेलून बघत होते. टर्नर माणूस; तो बोल्ट कसा सुटेल हे त्यांना केव्हाच दिसलं असणार, पण ते काही म्हणाले नाहीत.

"पाना देऊ का तुम्हाला?" मी विचारलं.

"द्या," ते म्हणाले.